बोटीतून टाकलेला रुपया

आमचं कंधारला खत-बियाण्यांचं दुकान. विक्रीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीनं आम्हा दुकानदारांना जोडीनं हाँगकाँगला नेलं. बावीस वर्षांच्या संसारात बायकोला मी तुळजापूरच्या पुढं कुठं नेलं नव्हतं. समुद्र तर तिनं पाहिलाच नव्हता.

पहिल्याच सकाळी तिथल्या मेट्रोच्या फाटकाशी मी अडकलो. कार्ड कुठं टेकवायचं ते कळेना, मागं रांग तटली. बायकोनं पुढच्या माणसाचं बघून ठेवलं होतं. तिनं माझा हात धरून कार्ड नेमक्या जागी टेकवलं. सोबतचे दुकानदार हसले. तो राग मी दुपारपर्यंत गिळून होतो.

मग बंदर ओलांडायला बोटीत बसलो. दोन्ही काठांवर इमारती गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीसारख्या, मधे करंगळी शिरायलाही जागा नाही. बाकीचे फोटो काढण्यात दंग. ही मात्र एकेक खिडकी निरखत होती.

"अहो, एवढ्या उंचावर धुणं वाळू घातलंय. वाऱ्यानं पडलं तर कुठं हुडकावं ह्यांनी?"

इतकं खुश मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

बोट मध्यावर आली तशी तिनं रुमालाच्या गाठीतला रुपया काढला, कपाळाला लावून पाण्यात टाकला आणि हात जोडले. नांदेडला जाताना गोदावरीच्या पुलावर आम्ही सगळेच हे करतो. मीही करतो. पण एक खलाशी वळून बघायला लागला आणि माझं डोकं फिरलं.

"अक्कल हाय का न्हाई? ही काय गोदावरी हाय? अडाण्यावाणी करू नको, लोकं बघायलेत!"

मंडळी खो खो हसली. त्यांच्यात मीही हसलो, आणि त्याचीच मला अजून सगळ्यात जास्त लाज वाटते. खलाशी केव्हाच आपल्या दोराकडं वळला होता.

उरलेले तीन दिवस ती म्हणतील तिथं उभी राहिली, दाखवतील तिकडं बघितलं.

परतल्यावर नांदेडहून कंधारची एसटी धरली. खिडकी तिला दिली. पूल आला तरी तिचे हात मांडीवरच. मी खिशातून रुपया काढून तिच्यापुढं धरला.

"टाक की."

"राहू द्या," ती म्हणाली. "लोकं बघायलेत."

गाडीत आमच्याकडं कुणीही बघत नव्हतं. रुपया माझ्या हातातच राहिला आणि पूल संपला.