लोखंडाचा राम

तांबट आळीत मुलगी दिली म्हणजे तिला उभ्या जन्मात दुपारची झोप नाही, हे माझं लग्न ठरवताना कोणी सांगितलं नाही. मामंजी दिवसभर तांब्याचे हंडे ठोकायचे आणि बोलायचे तेही ठोक्यांच्या अधूनमधून. आमचे हे मात्र पडले कलावंत. वडिलांची हातोडी टाकून इगतपुरीला इंजिनांच्या कारखान्यात लागले. तिथं म्हणे गॅसच्या ज्योतीनं जाडजूड लोखंडी पत्रा कापतात. इंजिनाचे पत्रे कापून पोट भरतं, मन भरत नाही. म्हणून साहेबाला विचारून ह्यांनी भंगारातल्या पत्र्यातून पुरुषभर उंचीचा धनुर्धारी राम कापला.

रामनवमीच्या तोंडावर तो बैलगाडीतून आळीत आला. ह्यांना हारतुरे नको होते. बापानं एकदा "बरं झालंय" म्हणावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मामंजींनी हातोडी न थांबवता पाहिलं. "लोखंडाचा राम? आता कोळशाची सीता कर."

"आपला नाशिकचा राम काळाच आहे की, बाबा!"

मामंजींनी पुढचा ठोका घातला. देवळात नेला, तर पुजारीबुवांनी उंबरठ्यावरूनच परतवलं. लोखंड शनीचं, ते देवळात चालत नाही. मग राम आमच्याच दाराबाहेर भिंतीला टेकून वनवासाला राहिला.

आमची आळी मोठी श्रद्धाळू. लोखंडाचा, काळा आणि दाराबाहेर, म्हणजे शनीच! पुढच्या शनिवारी कुणी तेल वाहिलं, मग काळे उडीद आले. हातात धनुष्य ढळढळीत दिसत होतं. पण डोळे उघडे ठेवून भक्ती करायची आमच्याकडे रीत नाही. "अहो, राम आहे तो!" असं हे ओरडले की बायका "हो, हो" म्हणून आणखी चार थेंब ओतायच्या. घरातलाच माणूस असा चिडतो, म्हणजे साडेसाती जबरच असणार.

अशाच एका शनिवारी हे घरी आले, तर मामंजी रामापुढे उकिडवे बसलेले, हाताला तेल. ह्यांचा चेहरा उतरला. बापानंही शनीच मानला!

पण मामंजी वाहिलेलं तेल चिंधीनं धनुष्याच्या कडांना, बोटांच्या फटींत चोळत होते. लोखंड कापलेल्या कडेला आधी गंजतं. मान वर न करता ते म्हणाले, "दोरीपाशी कड खरबरीत राहिलीय. कानस आण."

हे आत आले आणि कानस शोधत राहिले. ती समोर खुंटीला होती. पण डोळे भरून आलेल्या माणसाला दिसणार कशी? मीच काढून हातात दिली आणि त्यांना बाहेर ढकललं.