दादांचं बोलणं मी ब्लॉगवर लिहिलं तेव्हा

माझा पहिला ब्लॉग गुलमंडीतल्या एका माणसाच्या साइटवर होता. खाली कापडाचं दुकान, वर त्यांची लहानशी खोली. दिवसा ते लग्नपत्रिका छापायचे आणि उरलेल्या वेळात ही साइट सांभाळायचे. मराठीत लिहावंसं वाटणाऱ्या कुणालाही तिथं स्वतःचं पान उघडून मिळायचं. लिहिणारे आम्ही साठ-सत्तर जण असू. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचे.

मी लिहायचे ते मेंढरांबद्दल. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सोयगावच्या बाजूला आयुष्यभर मेंढरं राखत आले. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, शहरात गारखेड्यात घर केलं. सुट्टीत गावी गेले की दादांना विचारून एकेक गोष्ट वहीत उतरवून घ्यायचे : दातांवरून वय कसं ओळखायचं, मेंढी कोकराला जवळ करत नसेल तर काय करायचं, पाय का सडतो. मग घरी येऊन ते नीट भाषेत ब्लॉगवर टाकायचे. वाचणारे थोडेच होते. पण एक निवृत्त पशुवैद्य प्रत्येक वेळी चार ओळी लिहायचे आणि मला ते पुरायचं.

मग मोठ्या कंपन्या मराठी ब्लॉगकडं वळल्या. आधी एकीनं सोय सुरू केली, पाठोपाठ दुसरीनं. मोबाईलवरच लिहा, फोटो लावा, वाचक आम्ही आणतो, अशी जाहिरात दर दोन मिनिटांनी यायची. शाळेतल्या एका मैत्रिणीनं तिथं उन्हाळी पापडांवर लिहिलं आणि आठवड्यात तिला हजारभर लोकांनी वाचलं. मलाही मोह झाला. भाऊंना न सांगता मी तिथं खातं उघडलं आणि आपलेच तीन लेख नेऊन टाकले.

पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला.

"मॅडम, साइट बंद करतोय. तुमचं लिखाण घेऊन जा."

"का हो भाऊ?"

"लोक तिकडं गेले. मोठ्यांचं काम है, अपने बस का नहीं."

मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. खोलीत छापून झालेल्या पत्रिकांचे गठ्ठे होते. एका गठ्ठ्यावर बसूनच मी वाट पाहिली. लेख उतरवून झाल्यावर ते म्हणाले, "प्रतिक्रिया तिकडं चढणार नाहीत. वेगळ्या फाइलीत दिल्यात, जपून ठेवा." मग कॉम्प्युटरकडं बघतच म्हणाले, "तुमचे तीन लेख तिकडं वाचले मी. छान दिसतात."

"सांगायला पाहिजे होतं," एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, "त्यात काय! वाचणारे तिकडंच हैत." त्यांनी चहा मागवला. तो मी घाईनं संपवला आणि निघाले.

त्याच महिन्यात दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडं राहायला आले. काळा चष्मा लावून दिवसभर पलंगावर बसून कंटाळायचे. दादांना वाचता येत नाही. मी त्यांचं सांगणं कुठंतरी लिहिते एवढं त्यांना ठाऊक होतं, पण काय लिहिते ते मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

कंपनीच्या ब्लॉगवर लेखाच्या वर एक कर्ण्याचं चित्र असतं. ते दाबलं की मोबाईल लेख वाचून दाखवतो. मला वाटलं, दादांचा वेळ जाईल. पाय सडण्यावरचा लेख लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. बाईचा स्वच्छ आवाज आला : "मेंढी लंगडू लागल्यास खुरांची तपासणी करावी. दुर्गंधी आढळल्यास तातडीने उपचार सुरू करावेत."

दादांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "कोण हाय ही बाई?"

"मशीन आहे, दादा. तुम्ही सांगितलं तेच वाचतंय."

"म्या असं कवा सांगितलं? मी म्हणलं, मेंढरू लंगडाया लागलं की खूर हुंगायचा. हुंगायचा म्हणलं होतं."

"तेच तर लिहिलंय मी."

"नाय माय. हे डाक्टरचं हाय. माझं नाय."

ते रागावले नव्हते, पण पुढचा लेख ऐकायला नको म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळता मळता मला रडू आलं. इतकी वर्षं मी मुलांच्या वह्यांतलं 'हाय' खोडून 'आहे' करत आले. दादांचंही तेच केलं होतं, आणि ते ब्लॉगवर वर्षानुवर्षं तसंच पडून होतं.

गावाकडच्या जुन्या वह्या माझ्याकडंच होत्या. त्यात घाईघाईत टिपलेले दादांचे शब्द जसेच्या तसे होते. मी तेवीसच्या तेवीस लेख त्यांवरून पुन्हा लिहिले. सगळ्यांना दोन महिने लागले. पण पहिला चारच दिवसांत झाला, तो लगेच ब्लॉगवर चढवला आणि कर्णा दाबला. कंपनीच्या मशीननं तो हिंदी समजून वाचायला घेतला. 'लई'चं काहीतरी भलतंच झालं, 'व्हय' तर त्या बाईला म्हणताच येईना. दादा इतके हसले की डोळ्याला धक्का बसेल म्हणून मी मोबाईल काढून घेतला. भाषा मराठी आहे असं मी कंपनीला तीनदा कळवलं. तिन्ही वेळा आभार मानणारं तेच उत्तर आलं.

शेवटी भाऊंना फोन केला. करताना लाज वाटत होती. ते म्हणाले, "मशीनला कशाला वाचायला लावता? दादांनाच बोलू द्या की. आवाजाची फाइल लावता येते तिथं." रविवारी स्वतः घरी आले. दादांच्या समोर मोबाईल ठेवून म्हणाले, "दादा, मला मेंढरांतलं कायबी कळत नाही. पहिल्यापासून सांगा." सडलेल्या पायाला चुना कसा लावायचा इथपर्यंत सगळं सांगत दादा वीस मिनिटं थांबले नाहीत. त्यांना बोलतं कसं करायचं ते भाऊंना माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

पशुवैद्यांना मी नवा पत्ता कळवला, पण त्यांचं उत्तर आलं नाही. वाचकांपैकी दोघांनी, शिक्षिका असून अशुद्ध लिहिता, असं सुनावलं. पण आवाजाच्या फायली मोबाईलवरून मोबाईलवर फिरत सोयगावच्या पलीकडं गेल्या. ज्यांनी कधी काही वाचलं नव्हतं अशी माणसं ऐकायला लागली. दादा गावी परतल्यावर एका मेंढपाळानं त्यांना गाठून सांगितलं, "पायाचं तुमचं चुकतंय. चुन्यानं खूर जळतो."

दादांनी मला फोन केला तेव्हा चांगलेच तापले होते. "त्याला काय कळतं?" दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "ऐतवारी ये. त्यालाबी बोलावलंय. त्याचंबी घालून घे त्यात."