घरातला भूकंप

आमच्या अल्लीपूरच्या घरात भूकंप रोज यायचा आणि त्याचं खापर रोज माझ्याच डोक्यावर फुटायचं. मी अंगाने दणकट, चालणं धाडधाड. या खोलीतून त्या खोलीत गेले की मांडणीवरचे पेले वाजायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भूकंप आणून राह्यली काय वं? पोरीची पावलं वाजू नाई."

एका दुपारी खरंच जमीन हलली. पेले वाजले, खिडकी थरथरली, गल्लीतली माणसं बाहेर पळाली. मी अंगणात मुकाट्याने तूर पाखडत बसले होते, तरी आतून आवाज आलाच, "हळू चाल म्हटलं ना तुले." शेजारीण धावत येऊन सांगून गेली की हा खराखुरा भूकंप आहे. आई जरा खजील झाली, पण हार मानेल तर ती आई कसली. "हिनंच शिकवलं असन त्याले," म्हणाली. मला हसूही आलं आणि रागही.

या पायांना मान होता तो फक्त कबड्डीत. मी कोपऱ्यावर उभी राहायची आणि चढाईला आलेल्या मुलीचा घोटा एकदा धरला की सोडत नसे. वडिलांच्या थोरल्या भावाला, आमच्या मोठ्या बाबांना, हे बिलकुल पसंत नव्हतं. बारावी झाली, खेळ पुरे, आता शिलाईचा क्लास, असं त्यांनी ठरवून टाकलं. घरात शेवटचा शब्द त्यांचा. देवळीचे जिल्ह्याचे सामने तेवढे खेळू द्या, म्हणून मी हट्ट धरला. "जाय, पण आईले सोबत ने," ते म्हणाले.

आईने माझा खेळ कधी पाहिलाच नव्हता. डोक्यावर पदर, मांडीवर डबा, अशी ती मैदानाच्या कडेला बसली. अंतिम सामना आष्टीच्या मुलींशी होता. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई त्यांची. आली ती मुलगी भलतीच चपळ, सामनाभर तिने आम्हाला नाचवलं होतं. खरं सांगते, मी बिचकत एकेक पाऊल मागे सरकू लागले. तेवढ्यात कडेवरून ओळखीचा आवाज आला, "काऊन हळू चालून राह्यली? आण आता भूकंप."

मी झेपावले. घोटा हाती लागला. तिने मला मध्यरेषेच्या अगदी जवळ ओढत नेलं, पण मी सोडलं नाही. बाकीच्या येऊन आमच्यावर पडल्या आणि शिट्टी वाजली. धुळीतून डोकं वर काढलं तर आई उभी, पदर खांद्यावर, डबा मातीत उपडा. एवढा आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.

घरी मोठे बाबा ओसरीवर बसले होते. जिंकलेली ढाल पाहून बरं म्हणाले आणि लगेच शिलाईच्या क्लासची आठवण करून दिली. आई त्यांच्यासमोर पाणी ठेवत होती. त्यांच्यापुढे ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"क्लासले नाई जाणार पोरगी," ती म्हणाली. "भूकंप सुईच्या भोकात मावते काय, भाऊजी?"

आई वळली आणि अशी धाडधाड आत गेली की मांडणीवरचे सगळे पेले वाजले.