पाठ करून घेतलेलं भाषण

“दात दाखव.”

रावसाहेब संमेलनाच्या मंचावर सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले. मी तोंड उघडलं. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा आधी एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांकडे वळवला. बैलबाजारात गोऱ्ह्याचे दात असेच बघतात.

“बघा. चांगल्या सवयी माणसाला कुठून कुठं नेतात! ही आली तेव्हा हिच्याजवळ उभं राहवत नव्हतं.”

टाळ्या.

रावसाहेब अमरावतीतले मोठे वकील. गरिबांच्या मुलींसाठी त्यांनी बोर्डिंग काढलं होतं. मी बाळापूरकडची, माळ्याची. बाप लहानपणीच गेला. माय भाजी लावायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात विकायची. गावच्या मास्तरांनी शब्द टाकला म्हणून मला तिथं जागा मिळाली.

बोर्डिंगात रोज सकाळी रांगेत उभं राहून आम्ही यशाचे नियम म्हणायचो. पहाटे उठावे. दात घासावे. हळू बोलावे. उपकार विसरू नयेत. तोंडातून ‘मले’ निघालं की ताटातली भाकर उचलली जायची. ‘मला’ म्हटलं की परत यायची. मग मी बोलायचंच सोडलं. रावसाहेबांची मोटार फाटकाशी वाजली की मी दाराआड लपायची. काही चुकलेलं नसायचं. तरी लपायची.

दरवर्षी संमेलनात एक मुलगी ‘माझी सुधारणा’ यावर बोलायची. त्या वर्षी माझी पाळी. बोर्डिंगच्या बाईंनी भाषण पाठ करून घेतलं. ‘माझ्या घरी स्वच्छता कोणालाच ठाऊक नव्हती. माझी आई आळशी होती.’ या ओळीवर जीभ अडायची. बाई छडी उचलायच्या. जीभ सुटायची.

आणि नेमकी त्याच वर्षी माय आली. अकोल्याला गाडी धरून, लोकांना विचारत विचारत. मागं, चपलांजवळ, खाली बसली होती. धुतलेलं लुगडं. शेजारणीला बोटानं मला दाखवत होती. हसत होती.

“बोल,” रावसाहेब म्हणाले.

“माझ्या घरी...” एवढंच निघालं. पुढची ओळ समोर दिसत होती आणि त्या ओळीच्या पलीकडे माय बसलेली.

“घाबरली,” रावसाहेब हसले. “हिची आई आली आहे म्हणे. कुठे आहे? उभी राहा बाई. आंघोळबिंघोळ करून आलीस ना?”

लोक हसले. माय उठली, हात जोडले. तिला नीट ऐकू गेलं नव्हतं. सगळे हसतात म्हणून तीही हसली.

ते हसू मला बघवलं नाही.

“खोटं हाये,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आला की नाही कळेना. पुन्हा म्हणाले. “हे सारं खोटं हाये. माही माय आळशी नाही. मी हे बोलनार नाही.”

रावसाहेब ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, “माफी माग. नाहीतर आत्ताच्या आत्ता सामान उचल.”

तेवढ्यात माय धावत पुढं आली.

“माफी माग वं! शिक्शन जाईन तुह्यं! साहेब, पोरगी नादान हाये, मी पाया पडतो तुमच्या.”

ती वाकली. मी तिचा दंड धरला.

“माय, उठ.”

“सोड मले!”

“उठ म्हनतो ना.”

मी तिला उचललं आणि बाहेर आणलं. मागं बघायची हिंमत नव्हती. कोणी धरायला येईल असं फाटकापर्यंत वाटत होतं.

बडनेऱ्याच्या स्टेशनावर मायनं मला थोबाडीत मारली. “काहून बोलली तू? कोनं सांगतलं होतं तुले?” नंतर खूप दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मामाच्या आश्रयानं मी अकोल्यात शिकले. मास्तरीण झाले. मी बरोबर केलं, असं माय शेवटपर्यंत म्हणाली नाही.

पहाटे मी आजही उठते. सवयी वाईट नव्हत्याच. पण त्यांच्याआडून आणखी एक सवय आमच्या अंगी मुरवली जात होती. मान खाली घालायची. आपल्यावर हसणाऱ्यांबरोबर आपणही हसायचं. ती मोडायला मला नियम सापडला नाही. दरवेळी नव्यानं घाबरायचं आणि दरवेळी तोंड उघडायचं, एवढंच जमलं.

उद्या आमच्या शाळेत समारंभ आहे. कमिटीचे अध्यक्ष गरीब मुलांना कुडते वाटणार आहेत. फाटके कुडते मंचावरच काढायचे, नवे मंचावरच घालायचे, असा हुकूम आहे. लोकांना फरक दिसला पाहिजे म्हणे. पोरं माझ्या वर्गातली आहेत.

मी आज अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगून आले.

“पोरं कपडे काढनार नाहीत,” मी म्हणाले.

“नोकरी प्यारी नाही का?” त्यांनी विचारलं.

प्यारी आहे. नोकरी गेली तर काय खायचं, हे मला ठाऊक नाही. भीती वाटते. खूप वाटते. पण उद्या मंचाच्या पायरीवर मी उभी राहणार आहे, आणि माझ्या वर्गातलं एकही लेकरू मी वर चढू देणार नाही.