बोर्डावर नाव कोणाचं

आमच्याकडे रेल्वे कधी आली नाही. स्टेशन मात्र होऊन गेलं आणि बंदही पडलं. पुरुष त्याचा इतिहास लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

पुणे-नाशिक रेल्वेची मोजणी झाली, तेव्हा स्टेशनची जागा आमचं गाव आणि नणंदेचं गाव यांच्या शिवेवर निघाली. रूळ नाहीत, खडी नाही; तरी बोर्डावर नाव कोणत्या गावाचं, यावर दोन्ही पंचायतींनी ठराव केले. मग शिवेवरच्या देवळात एकत्र बैठक झाली. तिथे आमचे हे उठले आणि नणंदेच्या नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "दाजी, तुमच्या गावात यष्टी थांबत न्हाई, रेल्वे काय थांबणार?"

लोक पोट धरून हसले. दाजी उठून गेले.

त्यानंतर तीन दिवाळ्या नणंद भाऊबीजेला आली नाही. जाऊन माफी मागा, असं मी दर वर्षी म्हटलं. आधी त्यांनी ठराव मागे घ्यावा, हे यांचं ठरलेलं उत्तर. मधेच रेल्वेचा मार्ग बदलला. आमच्या भागात आकाशाचा अभ्यास करणारी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिला गाड्यांचा अडथळा होतो म्हणे. स्टेशन गेलं, ठराव तेवढे दप्तरात राहिले.

यंदा भाचीचं लग्न निघालं. पत्रिका फोनवर आली. घरी येऊन बोलावलं नाही, मी येणार नाही, असं हे म्हणाले. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, हे मी दोन दिवस ऐकवलं. लग्नाच्या दिवशी हे मुकाट्यानं फेटा घेऊन गाडीत बसले.

मंचरच्या कार्यालयात भटजींनी मामाला हाक दिली. हे उठले. तोवर यांचा चुलत भाऊ भाचीचा हात धरून निघाला होता. हे खुर्च्यांमध्ये उभेच राहिले.

मी नणंदेला गाठून जाब विचारला. राग तिच्यावर काढायला नको होता.

ती म्हणाली, "वहिनी, पोरीचा मुहूर्त मी कुणाच्या भरवशावर ठेवायचा? तीन वर्षं दादा उंबऱ्याला आला नाय."

परतताना हे म्हणाले, तिनं निदान फोन करून सांगायचं. गाडी मी चालवत होते. आमच्या फाट्याला न वळता सरळ नणंदेच्या दारात नेऊन लावली. घराला कुलूप होतं, मंडळी अजून कार्यालयातच होती.

"उतरा," मी म्हटलं. "ती येईपर्यंत ओट्यावर बसा."