पायाळू पोरीचा पाय

ऐंशीच्या दशकात भोकरदन तालुक्यातल्या एका गावी मी नर्स होते. बाळंतपणं घरोघरी व्हायची, तीही जमिनीवर, पोतं अंथरून. बाई खाली आडवी आणि मी तिच्यापुढे तास-दोन तास कमरेत वाकलेली. एरवी खांद्याला लसींची पेटी अडकवून वस्त्या पालथ्या घालायच्या. तरी ते दिवस आठवले की अजून जिवाला हुरहूर लागते. सगळं गाव मला आपलं समजायचं आणि मीही जरा भाव खायचे.

कंबर दुखायला लागली तेव्हा मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलंच होतं, ज्या नर्सला वाकवत नाही तिनं बाळंतपणं सोडावीत, तालुक्याच्या ऑफिसात बसून रजिस्टरं भरावीत. रजिस्टरं! नुसतं ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. मी साडीखाली जुन्या धोतराचा पट्टा आवळून बांधायचे आणि हसतमुखानं हिंडायचे.

एकदा बाळंतपण उरकलं आणि मला उठताच येईना. सगळे बाळ बघण्यात दंग. मी गुडघ्यांवर बसून उगाच कात्री पुसत राहिले. माझ्यासोबतच्या म्हाताऱ्या दाईनं ओळखलं.

"नर्सबाई, उसण भरली तुमाला. पायाळू माणसाचा पाय लावावा लागल."

दुसऱ्या दिवशी ती सात वर्षांची एक पोर घेऊन आली. पोर पायाकडून जन्मलेली, तीही माझ्याच हातावर. अशा माणसाचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते, असं गावात सगळेच मानत. मी शिकलेली बाई, पण दुखण्यापुढे माझं शिक्षण गप्प बसलं. मी पालथी झोपले. पोर रडवेली झाली.

"नर्सबाईला लाथ कशी मारू?"

"त्यांनी तुझे पाय धरून तुला ओढलं, तवा तुला इचारलं व्हतं का? लाव जल्दी!" दाई खेकसली.

मला हसू फुटलं आणि हसताना कळ मस्तकात गेली. पोरीनं तीनदा पाय टेकवला. धुळीनं माखलेला, ऊन ऊन पाय. फरक काही पडला नाही. पण तिचं तोंड बघून मी म्हणाले, "बिलकुल बरी झाले गं!"

झालं! नर्सबाईला उठता येत नव्हतं, मी तिची कंबर नीट केली, असं पोरीनं गावभर सांगितलं. आठवड्याच्या आत ते डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला तपासलं आणि ऑफिसात बदलीचा कागद निघाला. माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच केलं त्यांनी. मला मात्र अजून त्यांचा राग येतो.

निघायच्या दिवशी पोर एसटीपाशी आली. मला पिशवीला हातही लावू देईना.

"नर्सबाई, कंबर तर म्या नीट केल्ती. मंग कामून चालल्या?"

गाडी सुटली आणि भोकरदन येईपर्यंत मी पदर तोंडाशी धरून रडले.