बहिणीवरचं वाक्य

ही हकीकत मी आजवर अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. कुणी यमुनाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, नाव काढलं की मी उठून बाहेर जायचो. आता वय झालं. पूर्ण सांगतो.

इंग्रजीच्या क्लासात सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, खडू माझ्याकडे रोखला आणि वर्गाला म्हणाले, "ह्यांच्याकडे बघून म्हणा. हिज सिस्टर हॅज रन अवे."

सगळा वर्ग वळला. सगळी मोठी माणसं. बँकेतले कारकून, एक कंपाउंडर, लग्न ठरलेल्या दोन मुली. एका सुरात म्हणाले. ह्यांची बहीण पळून गेली आहे. सर म्हणाले, "पुन्हा." पुन्हा म्हणाले. मागं कुणीतरी हसलं.

"आता तुम्ही. तुम्ही माय म्हणा, बहीण तुमची आहे."

मी उभा राहिलो. म्हटलं. माय सिस्टर हॅज रन अवे.

"व्हेरी गुड. पापलेटचा उच्चार सुधारला."

पापलेट म्हणजे मी. बाळकुमच्या कोळीवाड्यातला वर्गात मी एकटाच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावाजवळच्या कंपनीत हेल्पर होतो. सुपरवायझरच्या मुलाखतीला इंग्रजी लागायचं, म्हणून संध्याकाळी नौपाड्यात सरांच्या घरी क्लासला जायचो.

त्या दिवशीचा धडा होता रन अवे. सर अर्थ विचारत होते, वर्ग सांगत होता. पळून जाणे. धूम ठोकणे. पोबारा करणे. पसार होणे. सरांनी शेजारी त्याच अर्थाचे आणखी शब्द लिहिले आणि प्रत्येक शब्दाला एकेक माणूस दिला. फ्ली म्हणजे दंगलीत घरदार सोडून गेलेला. अॅबस्काँड म्हणजे गल्ला घेऊन गेलेला कॅशियर. इलोप म्हणजे प्रेमात पडलेली जोडी. एस्केप म्हणजे आगीतून जीव वाचवून बाहेर आलेला. रन अवेला माणूस उरला नव्हता. मग त्यांना मी दिसलो.

त्यांना कळलं कसं, ते सांगतो. माझी आई डोक्यावर टोपली घेऊन नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. सरांची बायको तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या दारात बोंबील साफ करता करता आई रडली होती. पोरगी विठ्ठलवाडीचं सासर सोडून घरी आली, आता काय करू, म्हणाली होती. दारातलं ते रडणं आतल्या खोलीतल्या फळ्यावर गेलं.

घरी आलो. मला राग आला नव्हता. काहीच वाटत नव्हतं. यमुना ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिनं विचारलं, "दादूस, आज काय शिकवला?"

उद्या तुला विठ्ठलवाडीला सोडतो, असं मी म्हणालो.

ती सुकट निवडत राहिली. मग म्हणाली, "मी पलून नाय आले. दिवसाची आले. सासूच्या समोरशी आले." तिनं पोलक्याची बाही वर केली. "इकरं बघ."

मी बघितलं. दंडावर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, काही ताजे. सरांच्या फळ्यावर तिच्यासाठी दुसरा शब्द होता. आगीतून जीव वाचवून बाहेर आलेल्याचा. तो मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतला होता. अर्थासकट.

मी म्हणालो, "लोक माझ्या तोंडावर हसतात."

एवढंच म्हणालो. आई चुलीपाशी होती. ती भाकऱ्या थापत राहिली.

सकाळी यमुनाला घेऊन गेलो. विठ्ठलवाडीला उतरून तिच्या घरापर्यंत ती माझ्या मागून चालली. नवरा दारात दाढी करत होता. आरशातून बघूनच म्हणाला, "आणली का? ठेवा तिकडं."

मी पिशवी ठेवली. त्यानं चहा सांगितला. तो तिनंच केला. मी प्यालो आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात सरांना तेही कळलेलं होतं. ते खुशीत होते. फळ्यावर त्यांनी लिहिलं, शी हॅज गॉन बॅक. सगळे म्हणाले. एकानं टाळीही वाजवली. मी बसून राहिलो.

"मिस्टर पापलेट, तुमचा आवाज आला नाही."

"येणार नाही."

सर म्हणाले, अहो, उदाहरण आहे ते, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. मी म्हणालो, "माझी आई तुमच्या दारात रडली. तुम्ही त्याचं वाक्य केलंत. ते पुसा."

त्यांनी पुसलं नाही. मी उठलो, डस्टर घेतलं आणि सगळा फळा पुसला. सर बाजूला सरकले. मी पायऱ्या उतरलो आणि पुन्हा त्या घरी गेलो नाही. सुपरवायझरही झालो नाही.

आई मात्र त्या दारी जात राहिली. मी नको म्हणालो तेव्हा तिनं विचारलं, "गिऱ्हाईक सोरू, मंग चूल तू पेटवशील?"

फळा पुसल्याची गोष्ट मी पुढं खूप सांगितली. कंपनीत, युनियनच्या सभेत. सर आम्हाला पापलेट म्हणायचे, मी फळा पुसला. लोक टाळ्या वाजवायचे. त्या गोष्टीत बहीण नसायची. अपमान सरांनी माझा केला, हे खरं. तो मी घरी नेला आणि घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला दिला, हेही तितकंच खरं. हे सभेत कधी सांगितलं नाही.

यमुनानं काही महिन्यांत ते घर पुन्हा सोडलं. या वेळी ती आमच्याकडे आली नाही. कुठं गेली, आम्हाला माहीत नव्हतं. आई तिची वाट बघत बघतच वारली.

नव्वदनंतर कुणीतरी सांगितलं, यमुना कल्याणला असते, कपडे शिवते. मी गेलो. चाळीतली खोली, दाराशी मशीन. तिनं मला ओळखलं. बसा म्हणाली. मला ती कधी अहोजाहो करत नसे. शेजारीण डोकावली, पाहुणे कोण, विचारू लागली. यमुना म्हणाली, "गावचे आहेत."

आई गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं; किती दिवस आजारी होती, ते तिनं विचारलं. मी सांगितलं. ती शिवत राहिली. जे बोलायला गेलो होतो ते तोंडात तयार होतं. मशीन थांबलं की बोलू, असं ठरवलं. मशीन थांबलं. मी म्हणालो, "येतो."

पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ, करत राहिलो. एक दिवस ती गेल्याचा निरोप आला. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. शेजाऱ्यांनीच केलं होतं.

आता गावकीच्या बैठकीत मी पुढं बसतो. पोरगी सासरहून निघून आली की चारचौघं म्हणतात, समजूत घालून परत पाठवू. आजवर मी मान खाली घालून गप्प बसलो. यापुढं बसणार नाही. आधी मी उठेन. फळा पुसल्याचं सांगणार नाही. विठ्ठलवाडीला पिशवी ठेवून आलो, ते सांगेन. यमुनाचं नाव घेऊन सांगेन. मग विचारेन, हिला परत नेऊन सोडायला तुमच्यातला कोण येतोय? त्यानं आधी माझ्यासमोर यावं. आणि तिला ठेवायला कुणाचं घर नसेल, तर माझं आहे.

यमे, तू वळ दाखवलेस, ते बघूनही मी तुला परत नेली. मना माफ कर.